गोड्या पाण्याची गाडी

त्या उन्हाळ्यात आमच्या शाळेची विहीर आटली नव्हती. आटली असती तर दुःख निदान सरळ झालं असतं. विहिरीत पाणी होतं, वाकून पाहिलं की आपलं तोंड दिसे. पण तेच पाणी तोंडात घेतलं की जीभ आक्रसून जाई. पूर्णेकाठचा तो सगळा पट्टाच खारपाणाचा. वर काळीभोर जमीन, छातीएवढा कापूस, आणि खाली मीठ. त्या पाण्यानं भांडी घासावीत, अंगण सारवावं. त्यात डाळ शिजत नसे आणि प्यालं तर तहान वाढे. इतर वर्षी आम्ही नदीच्या वाळूत झिरे खणून गोडं पाणी काढत असू. वाटीवाटीनं घागर भरायची, पण भरायची. त्या वर्षी चैत्र निम्मा होण्याआधीच झिरे कोरडे पडले. हातभर खणलं तरी वाळू ओलीसुद्धा लागेना.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. सरकार नागपुरात होतं आणि आमच्यापर्यंत ते वर्षातून एखाद्या वेळी, पट्टेवाल्याच्या रूपानं पोचायचं. आमची शाळा म्हणजे मातीच्या भिंतींची एक लांब खोली. आठवडाभर तिथं मुलं बाराखडी म्हणत आणि रविवारी तीच खोली देऊळ होई. अकोल्याहून फादर दमणीत बसून महिन्यातून एकदा मिस्साला येत. शाळेभोवती आमच्या ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. ही माणसं धर्म घेण्यापूर्वी गावकुसाबाहेर राहत होती आणि धर्म घेतल्यावरही तिथंच राहत होती. गावातल्या गोड्या विहिरीवर त्यांना आधीही पाय ठेवता येत नव्हता, आताही येत नव्हता.

मी मूळची अमरावतीची. आजोबांच्या वेळेपासून आमचं घर ख्रिस्ती. सिस्टरांच्या हाताखाली शिकले, लग्न झालं, नवरा हिवतापात लवकर गेला, आणि मग सिस्टरांच्या प्रमुख मदरनी मला या खेड्यातल्या शाळेवर पाठवलं. स्वभावानं मी संशयी. हा काही मी जोपासलेला दुर्गुण नव्हता. आमच्या घरातलं ते पहिलं शिक्षण होतं. लहानपणी कुणी शेजारणीनं प्रेमानं लाडू दिला तरी आई तो आधी फोडून बघे आणि म्हणे, “आपल्याला कुणी उगीच काही देत नाही.” मी प्रार्थना करायची, जपमाळ ओढायची, मुलांना देवावर भरवसा ठेवायला शिकवायची, आणि दुधवाल्या गवळ्याकडे मात्र डोळे बारीक करून बघायची. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे हे मला कधी जाणवलंही नव्हतं.

झिरे आटल्यावर मदरचा निरोप आला की मुलांना घरी पाठवा आणि पाऊस पडेपर्यंत शाळा बंद ठेवा. मला ठाऊक होतं की ती मग पुन्हा उघडणार नाही. मुलं एकदा आईबापांबरोबर सरकीच्या आणि वखराच्या कामाला लागली की पाटीकडे वळत नाहीत. शिवाय गावात काही जणांना ती जागा गुरांच्या वाड्यासाठी हवीच होती. त्या दिवशी दिवेलागणीला मुलं गेल्यावर मी मारियामातेच्या तसबिरीपुढं गुडघे टेकले. एवढंच म्हणाले, “आई, परक्याच्या लग्नघरी द्राक्षारस कमी पडला तेव्हा तुझ्याच लक्षात आलं, तूच आपल्या लेकाला सांगितलंस. इथं तर पाणीच नाही. लेकरं तुझीच आहेत.” मग उठले, कंदील पुसला आणि सामानाची आवराआवर सुरू केली. प्रार्थना मनापासून केली होती, पण काही घडेल अशी अपेक्षा नव्हती, हे खरं सांगते.

सकाळी दार उघडलं तर शाळेच्या फाटकाशी एक बैलगाडी उभी. बैल सोडून नेलेले, जू जमिनीला टेकलेलं, आणि गाडीवर एक मोठं लाकडी पिंप. वर ओलं पोतं झाकलेलं. माणूस कुठंच नाही. पोतं उचललं तर काठोकाठ पाणी. ओंजळीत घेऊन जिभेवर ठेवलं, तर गोड.

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिथंच गुडघ्यांवर बसली असती. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा: हे कुणी ठेवलं आणि कशासाठी? गावात गोड्या पाण्याची विहीर एकच, नाल्याकाठी श्रीपत माळ्याच्या मळ्यात. आणि श्रीपत म्हणजे वर्षापूर्वी चावडीवर उभा राहून “ही शाळा गावाले बुडवन” असं म्हणालेला माणूस. त्यानंच आमच्या बायकांची वाट बंद करायला मळ्याच्या पायवाटेवर बाभळीचे काटे टाकले होते. वांगी, मिरच्या, झेंडू पिकवणारा, दर आषाढात कौंडण्यपूरला रुक्मिणीच्या दर्शनाला पायी जाणारा, तापट आणि हट्टी माणूस. तो आम्हाला पाणी देईल? कालपर्यंत काटे आणि आज पिंप?

मुलं येऊ लागली. गाडी बघून धावलीच. मी त्यांना अडवलं. “कुणी हात लावायचा नाही,” म्हणून सांगितलं आणि एक तांब्या भरून मी स्वतः प्याले, पूर्ण. मग मुलांना वर्गात बसवून पाढे म्हणायला लावले आणि मी वाट बघत राहिले. पोटात काही होतंय का, डोकं गरगरतंय का. त्या सकाळचं ऊन आठवलं की अजून अंग तापतं. मुलांच्या ओठांना पांढरी खपली आली होती आणि पाढे म्हणतानाही सगळ्यांची नजर दारातून त्या पिंपाकडे. वस्तीतल्या लाजरची धाकटी मार्था हळूच म्हणाली, “बाई, तुमी मेल्या नाई अजून. आता पिऊ का?” सगळी पोरं हसली. मी नाही हसले. सूर्य डोक्यावर येईपर्यंत थांबले, आणि मगच रांग लावून एकेकाला पाणी दिलं. काही झालं नाही. तरी संशय गेला नाही, उलट वाढला. विष नाही, तर मग आहे तरी काय?

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजु होताना मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. चाकांचा आवाज आला. श्रीपतच होता. मला बघून त्यानं मान फिरवली आणि मुकाट्यानं बैल सोडू लागला.

मी विचारलं, “श्रीपतभाऊ, हे पाणी तुम्ही कशासाठी आणता?”

“आनून राह्यलो. प्या. बाकी काई इचारू नका.”

“विचारल्याशिवाय लेकरांना कसं देऊ?”

“नसन द्याचं तं फेका,” तो म्हणाला. बैलांचे कासरे हातात घेऊन चालूही लागला. मग थांबला, परत आला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, “बाई, एक गोष्ट मले सांगा. या पान्यानं तुमी पोराईचे डोकशे तं भिजवत नाई ना? तो तुमचा बाटवाचा कारेक्रम असते, तो?”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मी त्याच्या पाण्यात विष शोधत होते आणि तो माझ्या तांब्यात बाप्तिस्मा शोधत होता.

“प्यायलाच पुरत नाही, भाऊ,” मी म्हटलं. “आणि त्या कामाला आमचं विहिरीचं पाणी चालतं. देवाला खारं-गोडं कळत नाही.”

“शब्द द्या.”

“दिला. तुमच्या पाण्याचा एक थेंब त्यासाठी वापरणार नाही.”

तो गेला. रोज सकाळी गाडी येई, रोज दुपारी तो रिकामी गाडी न्यायला येई, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे चोरून बघत असू. तो पिंपाच्या आजूबाजूला काही मंत्रबिंत्र झाल्याच्या खुणा शोधी. मी त्याच्या तोंडावर हेतू शोधी. शाळा मात्र चालू राहिली. मदरना मी कळवलं की पाण्याची सोय झाली आहे. कुणी केली ते कळवलं नाही. कळवायचं तरी काय?

त्या गाडीनं साऱ्या गावाची झोप उडवली. गाव म्हणे, श्रीपत आतून ख्रिस्ती झाला, आता एक दिवस गळ्यात क्रूस घालून येईल. वस्ती म्हणे, माळ्याला पावसाळ्यात फुकट निंदणाऱ्या बाया हव्या आहेत, आज पाणी पाजतो आणि उद्या वेठीला धरील. हे सगळ्यात मोठ्यानं म्हणणारा लाजर, योसेफ आणि मार्थाचा बाप. मनानं वाईट नव्हता, पण आयुष्यभर फसवला गेलेला माणूस होता तो. “बाई, कसाई बी बकऱ्याले पानी पाजते,” असं त्यानं मला बजावलं. मिस्साला आले तेव्हा फादरही कपाळाला आठ्या घालून म्हणाले की दात्याचा हेतू कळत नाही तोवर सावध राहा. सावध मी होतेच. गावातली चार-दोन हिंदू मुलं आमच्या शाळेत येत, ती आपलं पाणी घरून आणत. एकाच विहिरीचं पाणी. पण ती आपल्या गडूतून पीत आणि आमची मुलं पिंपातून भरून घेतलेल्या ओसरीवरच्या रांजणातून.

वैशाखात ती दुपार आली.

शाळा सकाळची असली तरी आईबाप कामावर असत म्हणून वस्तीची मुलं दिवसभर शाळेतच राहत. दुपारी भाकर खाऊन ती मागच्या सावलीत खेळायला गेली आणि मी पाट्या पुसत बसले. थोड्या वेळानं मार्था धावत आली. “बाई, योसेफ ओकून राह्यला.” मी बाहेर गेले तर योसेफ भिंतीला धरून वाकलेला, आणि त्याच्यापलीकडं आणखी दोन मुलं तशीच. बघता बघता चौथं बसलं. डोळे खोल गेले, हातपाय गार पडले, पोटात कळ आली की मुलं गुडघे छातीशी घेऊन विव्हळत.

माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच शब्द होता: पाणी. पहिले काही दिवस मी रोज आधी चाखत असे. मग ते सोडून दिलं होतं. मी उचलून एकेकाला ओसरीवर निजवलं. ती पोरं “पानी, पानी” करत होती, आणि रांजण चार हातांवर होता. भरलेला, गार. मला त्याला हात लावायचा धीर होईना. खारं पाणी पाजावं तर उलटी वाढायची. गोडं पाजावं तर... तसबिरीतल्या मारियामातेकडे मी एकदा पाहिलं. त्या वेळी माझ्या मनात प्रार्थना नव्हती. राग होता. मी मागितलं होतं, आणि हे दिलंस?

बातमी वस्तीत पोचायला वेळ लागला नाही. लाजर काठी घेऊनच आला. त्याच्यामागं आणखी माणसं, बायका ऊर बडवत. आणि नेमका त्याच वेळी श्रीपत रिकामी गाडी न्यायला बैल घेऊन फाटकात आला.

“इख घातलं यानं!” लाजर ओरडला. “माह्या पोराले इख घातलं!”

श्रीपत जागच्या जागी थिजला. “म्या? म्या कावून घालन बाप्पा?”

“कावून आनत होता मंग पानी? सांग! आज सांगच!”

श्रीपतनं तोंड उघडलं आणि मिटलं. सांगता येण्यासारखं कारण होतं तर तो सांगत का नव्हता, हे मला नंतर समजलं. तेव्हा मात्र त्याचं ते गप्प राहणं मला कबुलीसारखं वाटलं. माणसांनी त्याला घेरलं. कुणीतरी बैलांचे कासरे हिसकले. तेवढ्यात गावाच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. श्रीपतचे भाऊबंद काठ्या घेऊन येत होते. मी मधे उभी राहून हात जोडत होते, पण माझ्या आवाजात जोर नव्हता, कारण माझाच विश्वास कुणावर नव्हता.

भाऊबंदांच्या मागून एक म्हातारी बाई चालत येत होती. पायांत काही नाही, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, आजारातून उठल्यासारखा फिकट चेहरा. तिला मी एकदोनदा दुरून पाहिलं होतं. ती श्रीपतची बायको, पार्बताबाई. ती भांडणाकडे वळलीच नाही. काठ्यांच्या मधून वाट काढत सरळ ओसरीवर आली, मुलांकडे बघितलं, आणि मला म्हणाली, “लेकरं पानी मांगून राह्यले. कावून देत नाई वं बाई?”

मी नुसतं रांजणाकडे पाहिलं.

तिला समजलं. ती रांजणापाशी गेली. त्यावर मुलांचा पितळी तांब्या पालथा घातलेला होता, वस्तीतल्या प्रत्येक मुलाच्या ओठाला लागलेला. तिनं तो उचलला, बुडवला, भरून वर काढला.

“वयनी!” तिचा दीर किंचाळला. “त्याईचं भांडं हाये ते! बाटशीन तू!”

तिनं तांब्या तोंडाला लावला. वरून धार नाही धरली. ओठ लावून प्याली. घोट घोट, शेवटपर्यंत. गळ्याच्या शिरा हलताना मला दिसत होत्या. पदरानं तोंड पुसलं आणि दुसरा तांब्या भरून तोही प्याली.

मग ती योसेफच्या उशाशी बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “म्या पेली. आता हितंच बसते. मरीन तं हितंच मरीन. तवा मारजा माह्या मानसाले. तोवर कोनी हात उचलू नका.” आणि मला म्हणाली, “बाई, पानी द्या लेकराईले.”

मी पाणी दिलं. चमच्याचमच्यानं, चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा घालून, एकेकाच्या तोंडात घातलं. ओकले तर पुन्हा घातलं. लाजरची बायको माझ्याबरोबर बसली. लाजर अंगणात काठी टेकून उभा होता, आणि त्याच्यासमोर दहा पावलांवर श्रीपतचा भाऊ तसाच उभा. दोघांच्याही नजरा ओसरीवरच्या त्या म्हातारीवर. ती कोसळते का, याची सगळेच वाट बघत होते.

त्या बसण्यात तिनं मला सांगितलं. हिवाळ्यात ती मरायला टेकली होती. वैद्यानं हात टेकले तेव्हा श्रीपतनं कौंडण्यपूरच्या रुक्मिणीला नवस केला की ही जगली तर उन्हाळाभर पाणपोई घालीन. ती जगली. त्यानं सडकेला लिंबाखाली मांडव घातला, रांजण पुरले. पण त्या सडकेनं आता कोण चालत होतं? पलीकडच्या रस्त्यानं मोटार सुरू झाली होती आणि सारे तिकडूनच जात. रांजण संध्याकाळी भरलेले ते भरलेले. “मी त्याले म्हनलं,” ती म्हणाली, “पानी हितं अन् तहान तिथं, शाळेत. तू कोनाशी भांडून राह्यला, देवाशी? तो म्हने, तिथं नाई देनार. मी म्हनलं, मंग माहा जीव बी वापस देऊन ये. दिवा लागे लागे भांडन झालं. जेवला नाई. सकाळी उठून गाडी जुंपली. म्हने, नेतो, पन कोनाले सांगू नोको.”

कोणत्या दिवसाची गोष्ट, असं मी विचारलं. मदरचा निरोप आला तोच दिवस होता, दिवेलागणीचीच वेळ. मी तसबिरीपुढं गुडघे टेकले होते तेव्हा नाल्यापलीकडं नवराबायको भांडत होती. मी यावर अधिक काही लिहीत नाही. वाचणाऱ्यानं आपल्या मनाला येईल ते समजावं.

उन्हं कलली. पार्बताबाईला काहीच झालं नाही. योसेफची उलटी थांबली आणि त्यानं डोळे उघडले. अंगणातला ताण थोडा सैल झाला तशी इतका वेळ आईच्या पदराआड लपलेली मार्था पुढं आली आणि रडत रडत मूठ उघडली. काळ्या सालीच्या, आतून पांढऱ्या बिया. “शेंगदाण्यावानी लागते,” ती म्हणाली. “आमी कुपाटीवरच्या खाल्ल्या. म्या एकच खाल्ली. योसेफनं मूठभर.”

शाळेमागच्या कुंपणाला मोगली एरंड लावलेला होता. गुरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून लावतात. पानं ओळखणारी सारी माणसं अंगणात उभी होती, आणि कुंपणाकडे मात्र कुणाची नजर गेली नव्हती. आम्ही सगळे पाण्यात बघत होतो.

लाजरनं काठी भिंतीला टेकवली आणि तो तिथंच उकिडवा बसला. चारही मुलं दोन दिवसांत हिंडू-फिरू लागली. कुंपण मी दुसऱ्याच दिवशी उपटून टाकायला लावलं.

याचा अर्थ सगळं गोड झालं असा नाही. पार्बताबाई बाटली म्हणून त्यांच्या भाऊबंदांनी त्या घराला पंगतीतून उठवलं. पुढं एका लग्नात नवराबायकोला वेगळं, अंगणाच्या कडेला बसवलं, आणि श्रीपत ते मुकाट्यानं जेवला, असं मला नंतर समजलं. वस्तीत काही जण शेवटपर्यंत म्हणत राहिले की म्हातारीला आधीच उतारा दिला असेल. पण त्या घटनेनंतरच्या सकाळी गाडी नेहमीसारखी आली. फाटकाशी चाकोरीत चाक रुतलं. श्रीपतनं बैल हाकले, गाडी हलेना. तेव्हा लाजर आपल्या घरातून आला, चाकाला खांदा लावला आणि गाडी वर काढली. श्रीपतनं त्याच्याकडे बघितलं नाही, त्यानंही श्रीपतकडे बघितलं नाही. दोघं घामानं निथळत होते. मी दोघांनाही तांब्या भरून दिला. श्रीपतनं ओंजळ पुढं केली आणि वरून धार घेऊन प्याला. तेवढं त्याच्याच्यानं झालं, आणि तेवढं मला पुष्कळ वाटलं.

आषाढात त्यांचा नवस पुरा झाला. आमची शाळा पुढं कितीतरी वर्षं चालली; योसेफ तिथंच मास्तर झाला. मी थकल्यावर मदरनी मला अमरावतीला परत बोलावून घेतलं. त्यानंतर एकदा पार्बताबाई अंबादेवीच्या दर्शनाला आली होती, तेव्हा शोधत शोधत माझ्याकडे आली. ती पार वाकली होती, आणि आता मीही म्हातारी झाले होते. ओट्यावर बसून तिनं सगळ्या पोरांची चौकशी केली. मग मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं.

“पार्बताबाई, त्या दिवशी तुम्ही इतक्या विश्वासानं प्यालात. मला तेवढा विश्वास कधीच आला नाही. तुम्हाला भीती नाही वाटली?”

ती हसली. तिच्या तोंडात तेव्हा एकही दात उरला नव्हता.

“इस्वास कायचा वं बाई? भल्ली भेली होती मी. मले वाटलं होतं आमच्याच भाऊबंदाईतून कोनी तरी टाकलं असन काई, शाळा उठवाले. एक-दोघाईचा मले संशेव बी होता.”

मी म्हटलं, “आणि तरी प्यालात?”

“मंग काय करतो? लेकरं पानी मांगून राह्यले होते.” तिनं पदर सावरला. “म्या रुखमाईले म्हनलं, जीव तुहाच देल्ला हाये. ठेवाचा तं ठेव, न्याचा तं ने. अन् पेली.”

ती गेली. आयुष्यभर माझी समजूत होती की मनातला संशय संपला म्हणजे श्रद्धा सुरू होते, आणि माझा तर संपत नव्हता. म्हणून देवासमोर मी नेहमी थोडी मागं, दाराशी उभी राहत आले. त्या माळणीनं मला वेगळंच सांगितलं. संशय पोटात असतानाही ओठ तांब्याला लावता येतात. पुढचं ज्याचं त्याच्या हातात. माझी देवमाता आणि तिची रुखमाई यांचं आपसात काय ठरलं होतं, हे मला कळायचं कारण नाही. मी पाणी मागितलं होतं, तिच्या माणसानं तिचा जीव मागितला होता, दोघांनाही मिळालं. आता रोज सकाळी प्रार्थनेला बसते तेव्हा पार्बताबाईच्या नावानं एक मणी जास्त ओढते. ती ख्रिस्ती नव्हती, तिला ते आवडलं असतं की नाही कोण जाणे. पण जपताना मन भरून येतं, आणि मी पुढं काही विचारत नाही.